शेकडा दोन

आमच्या घरात मला अजूनही ‘शेकडा दोन’ म्हणतात. तोंडावर नंदूमामा, नंदूकाका, सगळं व्यवस्थित, पण मी जेवून हात धुवायला उठलो की मागं कुणीतरी विचारतं, “शेकडा दोनांनी ताक घेतलं का?” माझे कान अजून शाबूत आहेत हे त्यांना कळत नाही, किंवा कळतं म्हणूनच ते विचारतात. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला म्हातारपणी एखादा आकडा चिकटला तर त्यात वावगं काही नाही. फक्त तो आकडा चुकीचा होता, एवढंच जरा खटकतं. गेल्या महिन्यात अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, घेऊन डॉक्टरकडं गेलो होतो. तिथल्या नर्सनं तिला भिंतीला टेकवून उभं केलं, उंची मोजली आणि म्हणाली, “अज्जी, तुम्ही पूर्वी खूप उंच असणार.” अक्का माझ्याकडं वळून, सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “नंद्या, आता माझा झेड किती आला रे?” बाकड्यांवरच्या लोकांना वाटलं, काहीतरी मोठा आजार असावा. एक बाई माझ्याकडं फार करुणेनं बघायला लागल्या. त्यांना तिथं जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो आहे.

आमचं घर धारवाडात, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत. पुढची खोली अप्पांची, म्हणजे वडिलांची. ते वकील. सकाळी तिथं कारकुनाच्या टाइपरायटरची टकटक आणि मागं स्वयंपाकघरात आईच्या भाकरीची थापथाप चाले, आणि मधल्या खोलीत मी अभ्यासाला बसल्याचं नाटक करत असे. भाकरीचा आवाज थांबला की भूक लागायची आणि टाइपरायटर थांबला की भीती वाटायची, कारण मग अप्पा मोकळे होत आणि मला काहीतरी विचारत. घर आणि कोर्ट यांतला फरक अप्पांना फारसा मान्य नव्हता. भरल्या वांग्यात मीठ कमी पडलं तरी ते “आरोप असा आहे की” अशी सुरुवात करत. आई मात्र त्यांची उलटतपासणी एका वाक्यात संपवत असे, कारण पळी तिच्या हातात असे.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. गावातल्या एका मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. उंची पाच फूट आठ इंच. हा आकडा मी झोपेतसुद्धा सांगू शकतो, कारण आमच्या घरात त्या काळात पंचांगापेक्षा जास्त वेळा त्याचा उच्चार होत असे. वडिलांकडची आमची सगळी मंडळी ठेंगणी. आमच्या घराण्यात पुरुष वाढतात ते आडवे वाढतात, मीही त्याला अपवाद नाही. अक्काची उंची आजोळकडून आली, आणि आई ती एखादा गुन्हा कबूल करावा तशी कबूल करायची. शाळेत मुली तिला ‘उद्द टीचर’ म्हणत. उद्द म्हणजे कानडीत लांब, उंच. अक्काला त्याचं काही वाटत नसे. जगाचा मोठा नकाशा ती स्टुलाशिवाय खिळ्याला टांगायची, आणि शिपाई रजेवर असला की इतर वर्गांतल्या बाईसुद्धा तिलाच बोलवायच्या. घरी आल्यावर चहा पिता पिता ती हे सगळं सांगायची. तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवतो. त्या नोकरीवर तिचा जीव होता.

स्थळांना आमच्याकडं गावाच्या नावानं ओळखायची पद्धत. खानापूर आलं आणि गेलं, गदग आलं आणि गेलं. बेळगावनं फोटो पसंत केला, पण प्रत्यक्षात अक्का नमस्काराला उभी राहिली आणि बेळगावची मान हळूहळू वर होत गेली ती मी बघितली. नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनीच आधी जुळवून आणली होती. आई मग अक्काला “जरा वाकून चालत जा की” म्हणायची, आणि अक्का “नकाशा काय वाकून टांगू?” असं म्हणून चपला घालून शाळेला जायची.

अशा घरात मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं, आणि त्याच वर्षी आम्हाला झेड शिकवला. शिकवणारे हल्याळकर सर हुबळीहून बसनं येत. नवीनच लागले होते, तिशीही उलटली नव्हती, आणि उंचीनं बेताचे. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. आधीच्या तासाच्या मास्तरांनी वर लिहिलेलं तिथंच राहायचं आणि खाली आमचे सर घंटेच्या आकाराचा वक्र काढायचे. शिकवायचे मात्र असं की माझ्यासारख्यालाही कळावं. आधी सरासरी काढायची. मग माणसं त्या सरासरीपासून साधारण किती इकडंतिकडं पसरतात ते काढायचं, ते एक पाऊल समजायचं. मग आपला माणूस मधल्यापासून तसल्या किती पावलांवर उभा आहे ते मोजायचं. ती पावलं म्हणजे झेड. पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात त्या झेडवर बोट ठेवलं की त्या माणसाच्या पलीकडं जगात शेकडा किती उरले ते निघतं. मला हे कळलं त्या दिवशी मी कॉलेजातून घरी चालत आलो ते जमिनीला पाय न लावता. रस्त्यातल्या प्रत्येक माणसाकडं मी झेड म्हणूनच बघत होतो. आज माझा नातू नवीन मोबाइल हातात आल्यावर जसं वागतो तसंच माझं चाललं होतं, आणि त्याला मी रागावतो.

आता एवढं हत्यार हातात आल्यावर ते चालवायचं कुणावर? अक्कावर. अक्कापेक्षा उंच पुरुष शेकडा किती, हा प्रश्न माझ्यापुढं आयता वाढून ठेवला होता. त्याच सुमारास रायापूरला चुलत घरात एक मुंज निघाली. मी टेप घेऊन गेलो, दाराच्या चौकटीवर खडूनं खुणा केल्या आणि आल्यागेल्या पुरुषांना तिथं उभं करून मापं घेतली. कॉलेजसाठी आहे म्हटल्यावर सगळे खूश. काकांनी टोपी काढायला नकार दिला, धाकट्या काकांनी टाचा उचलल्या, आणि दोघांत अर्ध्या इंचावरून जो वाद झाला त्यात मातृभोजनाला उशीर झाला. सरांनी सांगितलं होतं, नमुना एकजिनसी असावा. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मी आलेल्या मामांना, जावयांना, व्याह्यांना बाजूला केलं. बाहेरची भेसळ नको, निव्वळ आपली माणसं घेतली. एका मामांना राग आला, ते चांगले पावणेसहा फूट होते. त्यांना मी समजावून सांगितलं की तुम्ही यात बसत नाही.

सरासरी आली पाच फूट तीन इंच. पाऊल आलं अडीच इंचाचं. अक्का पाच-आठ, म्हणजे बरोबर दोन पावलं पुढं. तक्ता मधल्यापासूनचा भाग देतो, तो अर्ध्यातून वजा करावा लागतो, एवढं मी विसरलो नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. उत्तर आलं, शेकडा दोन. वर थोडं होतं, ते सोडून दिलं.

तोवर अळणावर येऊन गेलं होतं. लाकडाच्या वखारीवाल्यांचा मुलगा, सहा फूट. आमच्या चौकटीतून आत येताना त्याचं डोकं आपटलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. पाहुण्याला लागलं म्हणून हळद आणायला ती हसत हसतच पळाली. माणूस वाईट नव्हता. आईनं केलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट नीट खाल्लं, चांगलं झालंय म्हणाला. अक्काशी मात्र एक शब्द बोलला नाही. जे काय बोलायचं ते अप्पांशी बोलला, आणि त्यातलं मुख्य हे की त्यांच्या घरात बायका नोकरी करत नाहीत, तेव्हा शाळा सोडावी लागेल. मंडळी गेल्यावर अक्का म्हणाली, “मला नको. तो माझ्यापेक्षा चौकटीशीच जास्त बोलला.” अप्पा नकाराकडं झुकले होते. पुढच्या रविवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. ते नकाराचंच गेलं असतं, मी तोंड उघडलं नसतं तर.

मी तोंड उघडलं ते त्याच्या आदल्या रविवारच्या दुपारी, भाकरी आणि शेंगाचटणीवर. आई नेहमीचं म्हणत होती, की उंच मुलगा कुठनं मिळायचा. मी घास गिळला आणि म्हणालो, “ते काढलंय मी. अक्कापेक्षा उंच माणसं शेकडा दोन.”

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “दोन? शंभरात?”

“दोन पूर्णांक काहीतरी.”

“पुरावा?” अप्पा म्हणाले.

मी उठून वही आणली. उष्ट्या हातानं पान उलटून त्यांना वक्र दाखवला, अक्काच्या जागी काढलेली फुली दाखवली, फुलीच्या पलीकडं रेघोट्या मारून भरलेला चिमूटभर भाग दाखवला. अप्पांनी चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, ते माझं कौतुक करतील. त्यांनी केलंही. “पोरगं कामाचं शिकतंय,” ते म्हणाले, आणि आमच्या घरात हे वाक्य माझ्याबद्दल पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, त्यामुळं पुढं काय झालं ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आई म्हणत होती, “शंभरात दोन. त्यातला एक आपणहून दारात आला, डोकं आपटून घेतलंन, आणि आपण त्याला परत लावायचं? अहो, दुसरा कुठं असेल काय की! असेल काश्मीरला!”

“मुद्दा आहे,” अप्पा म्हणाले.

अक्कानं ताट बाजूला केलं. ती काही बोलली नाही, हेच वाईट होतं. बोलण्यात ती कधी कुणाला हार गेली नव्हती. पण यावेळी समोर आई नव्हती, अप्पा नव्हते, आकडा होता, आणि आकड्याला काय उत्तर द्यायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी शिकत होतो. त्या आठवड्यात आई सुभाष रोडला जाऊन साड्या बघून आली. टाइपरायटर चालू होता, थापथाप चालू होती, आणि अक्का शाळेतून येऊन नकाशाचं काही सांगत नव्हती.

तिसऱ्या दिवशी परसात आई मिरच्या वाळत घालत होती ती आत गेल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “मला शिकव ते.”

“काय?”

“झेड. माझी शाळा जायला लागलीय त्याच्यापायी. बघू दे तरी काय आहे.”

मी तिला शिकवलं. मातीत काडीनं वक्र काढला. तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. पंधरा मिनिटांत ती तक्ता वाचायला लागली, आणि मग शिक्षिका असल्यामुळं तिनं माझी वही तपासायला घेतली.

“ही मापं कुणाची?”

“रायापूरच्या मुंजीतली.”

“म्हणजे आपले काका, चुलतकाका, सगळे भाऊबंद?”

“हो. मामा-जावई काढून टाकले. निव्वळ आपलीच घेतली,” मी अभिमानानं म्हणालो.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं डोक्याला हात लावला आणि कानडीत सुटली. संतापली की ती कानडीत जायची. “येनो इदु! हे काय रे! अरे गाढवा, हे सगळे आपल्या गोत्राचे. यातला एक तरी माणूस माझ्याशी लग्न करू शकतो का? सबंध गावात जेवढ्यांशी माझं लग्न होऊच शकत नाही, तेवढे वेचून वेचून मोजलेस तू! आणि जे होऊ शकतात त्यांना हाकललंस!”

पुढं अनेक वर्षं मी विद्यार्थ्यांना नमुना निवडताना काय चुका होतात ते शिकवत आलो. पुस्तकात बरीच उदाहरणं असतात. माझ्याएवढी स्वच्छ, एकसुद्धा माप वाया न गेलेली चूक मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

मी म्हणालो, नवीन मापं आणतो. दुसऱ्याच दिवशी अमरगोळच्या बाजारसमितीत गेलो, कारण तिथं निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या गोत्रांचे, भरपूर पुरुष एका फाटकातून ये-जा करतात. फाटकाच्या खांबावर पाच-आठवर खडूची रेघ मारली आणि मिरचीच्या पोत्यावर बसून मोजायला लागलो, कोण रेघेच्या वर आणि कोण खाली. तासाभरानं लक्षात आलं की शेतकऱ्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेले आहेत, त्यात तीनचार इंच सहज जातात. हमाल पाठीवर पोती घेऊन वाकून चाललेले, ते कितीही उंच असले तरी रेघेच्या खालीच. मी मनाची समजूत घातली की या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील. मग मिरचीची धूळ नाकात गेली आणि मी इतका शिंकायला लागलो की एका हमालानं मला हाताला धरून फाटकाबाहेर, रस्त्यावर आणून उभं केलं. संध्याकाळी डोळे लाल करून घरी आलो तेव्हा आईला वाटलं, बहीण सासरी जाणार म्हणून पोरगं रडतंय. तिनं मला जवळ घेतलं. मी काही खुलासा केला नाही.

शेवटी हल्याळकर सरांना जाऊन सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणजे प्रयत्न करून हसले नाहीत, ते दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या बहिणीचं स्वतःचं म्हणणं काय?”

“तिला शाळा सोडायची नाही.”

सरांनी आमच्याच कॉलेजातल्या पोरांची मापं बाहेर काढली. दरवर्षी प्रात्यक्षिकाला पोरं एकमेकांची उंची मोजतात, ती. गावोगावची पोरं. सरासरी साडेपाच फुटांना अर्धा इंच कमी, पाऊल तेच अडीच इंचाचं. म्हणजे अक्का मधल्यापासून एकच पाऊल पुढं. शेकडा सोळा. मी धावत घरी आलो आणि अप्पांना सांगितलं की दोन चूक, सोळा बरोबर.

“परवा दोन म्हणालास, आज सोळा म्हणतोस,” अप्पा म्हणाले. “साक्ष फिरवलीस. असल्या साक्षीदाराला मी काय करतो माहीत आहे? तज्ज्ञ आण.”

म्हणून रविवारी सकाळी, अळणावरला उत्तर जायच्या दिवशी, सर आमच्या घरी आले. अक्कानं त्यांची छत्री घेऊन खुंटीला अडकवली. आईनं गिरमिट आणि पेढा पुढं ठेवला, आणि सर चौकटीतून कसलाही अडथळा न येता आत आल्याची नोंदही घेतली. अप्पा खुर्चीत सरसावून बसले. सरांनी सोळा कसे ते सांगितलं, शांतपणे, मला कळेल अशा भाषेत. आईचा चेहरा उजळत चालला. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण अप्पांचं समाधान इतक्यात होणार नव्हतं. “सोळा मान्य,” ते म्हणाले. “पण सोळातले आपल्या भाषेचे किती? निम्मे धरू. आठ. गोत्र वेगळं पाहिजे. चार. शिकलेला पाहिजे. दोन. अजून लग्न व्हायचा राहिलेला पाहिजे. एक. आणि हिची नोकरी चालवून घेणारा पाहिजे.”

“तसं सरसकट निम्मं करता येत नाही,” सर म्हणाले. “या गोष्टी एकमेकींवर—”

“अर्धा,” अप्पांनी निकाल दिला.

“अर्धा?” आई ओरडली. “अर्धा नवरा? मग ते दोनच बरे होते की रे!”

बरोबर उत्तर आणून मी परिस्थिती चौपट वाईट केली होती. आई उठून अप्पांच्या पुढ्यात कागद ठेवायला लागली, की आत्ताच लिहा अळणावरला, हो म्हणून लिहा. आणि अप्पांनी पेन उघडलं. मला तो पेनाच्या टोपणाचा आवाज अजून आठवतो.

मग अक्का दारातून म्हणाली, “अप्पा, हिशेबात मला एक दुरुस्ती सुचवायची आहे.”

अप्पांनी पेन थांबवलं. दुरुस्ती हा शब्द त्यांच्या धंद्यातला होता.

“पहिली अट काढा. माझ्यापेक्षा उंच पाहिजे, ही. ती मी घातलेली नाही. आईनं घातली नाही, तुम्हीही नाही. कुणी घातली कुणास ठाऊक. ती काढा आणि पुन्हा मोजा. शेवटची अट मात्र राहू दे. ती माझी आहे.”

अप्पा सरांकडं वळले. “काढता येते का?”

“येते,” सर म्हणाले. “मग सुरुवात सोळापासून नाही, शंभरापासून.”

अप्पांनी बोटांवर मोजलं. शंभर, पन्नास, पंचवीस, साडेबारा, सहा. “तीन,” ते म्हणाले. “तीन आणि वर थोडा.”

सर पुन्हा काहीतरी म्हणणार होते. असा हिशेब चालत नाही, निम्म्याला आधार काय, वगैरे. पण त्यांनी तोंड उघडलं, अक्काकडं बघितलं आणि मिटलं. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं डोळ्यांदेखत चुकीचं गणित चालू दिल्याचा तेवढाच प्रसंग माझ्या माहितीत आहे.

आई खाली बसली. “तीन,” ती स्वतःशी म्हणाली. “दोनापेक्षा तीन बरे.” आणि पदर डोळ्यांना लावला. ती सुटकेनं रडत होती की दुःखानं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, अक्काला वाकून चाल म्हणायचा तिलाही कंटाळा आला होता.

अप्पांनी अळणावरला नकार लिहिला. चांगल्या शब्दांत लिहिला. सर जायला निघाले. त्यांनी छत्रीसाठी हात वर केला तर खुंटी चार बोटं वर. आमची ती खुंटी अक्कानंच स्वतःच्या सोयीनं ठोकलेली. सरांनी एकदा टाचा उचलल्या, मग माझ्याकडं बघून उचललेल्या टाचा खाली ठेवल्या आणि सरळ म्हणाले, “मला पुरत नाही. काढून देता का?” अक्कानं छत्री काढून दिली. दोघंही हसले. मी वहीत डोकं घालून सरांचा झेड काढत बसलो होतो, कारण मला तेवढंच सुचत होतं. पाच फूट चार. मधल्यापासून अर्ध्याहून जरा जास्त पाऊल मागं. शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर पुरुष त्यांच्यापेक्षा उंच. एवढा बारीक हिशेब केला, पण जे समोर घडत होतं ते मात्र मला दिसलं नाही. पंधरा दिवसांनी सरांचे थोरले भाऊ हुबळीहून पत्रिका घेऊन आले तेव्हा घरात सगळ्यात जास्त आश्चर्य मला वाटलं. आईनं “उंची...” एवढंच म्हटलं, आणि अप्पा म्हणाले, “ते कलम वगळलंय.”

लग्न हुबळीला झालं. सरांच्या पाटाखाली आणखी एक पाट सरकवावा असा प्रस्ताव त्यांच्या आत्यांनी आणला होता, तो सरांनी फेटाळला. मला अंतरपाटाचं एक टोक धरायला उभं केलं. आता अंतरपाट धरतात तो मुलीच्या आणि मुलाच्या मधे, मंगलाष्टकं संपेपर्यंत एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. मी धरला तो माझ्या सवयीनं, म्हणजे माझ्या उंचीच्या माणसाला पुरेल तसा. पलीकडं सरांची नुसती टोपी पटाच्या वर दिसत होती. अलीकडं अक्काचं डोकं, मुंडावळ्या, डोळे, सगळं पटाच्या वर. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि मांडवात कुजबुज, मग हसू, मग आरडाओरडा. “वर धर! नंद्या, वर धर रे! ती बघायलीय त्याला!” काका ओरडले, गुरुजींनी मधेच थांबून डोळे वटारले, आई मागून माझा सदरा ओढत होती. मी हात ताणून पट वर नेला. टाचा उचलल्या. अक्षता डोळ्यात गेल्या, आणि आपल्याला हेसुद्धा नीट जमत नाही म्हणून मला अगदी रडू यायला लागलं.

तेवढ्यात कानाशी अक्काचा आवाज आला, हळू, मंगलाष्टकाच्या आडून. “साकु, नंद्या, पुरे. खाली घे. मला बघायचंय.”

मी मागं वळून बघितलं. पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. सगळा मांडव ‘वर, वर’ म्हणत होता, आणि अप्पा मान हलवून, कोर्टात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, “हरकत नाही.”

मी पट खाली घेतला.